मशिदीच्या जागेचं पाणी

डोरीन हौट्समाला काउंटीच्या कचेरीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी स्टीनविकच्या आसपास कुणाच्या शेतात पाणी तुंबलं की पहिला फोन तिलाच यायचा. आयोवाचा हा भाग मुळात दलदलीचा. शंभर वर्षांपूर्वी लोकांनी पाणी निचरून जायला जमिनीखाली भाजक्या मातीचे नळ पुरले, एकाला एक लावून, मैलच्या मैल, तेव्हा कुठे तिथे काळीभोर शेती उभी राहिली. त्या नळांचे नकाशे एकतीस वर्षं डोरीनच्या ताब्यात होते. कुठला नळ कुणाच्या बांधाखालून जातो, कुठे वळतो आणि कुठे ओढ्याला मिळतो, हे ती नकाशा न उघडता सांगायची. तिचा नवरा मार्विन जिवंत असताना म्हणायचा, "हिला माणसाच्या तोंडाआधी त्याच्या शेताचा उतार आठवतो."

मे महिन्यातल्या एका रविवारी चर्च सुटल्यावर तिचा धाकटा दीर गेरिट तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. अडुसष्ट वर्षांचा, अंगानं दांडगा, मक्याच्या बियाण्याच्या धंद्यात आयुष्य घालवलेला माणूस. गावात त्याच्या शब्दाला वजन होतं आणि ते त्याला माहीत होतं.

"दक्षिणेकडचं ट्रॅक्टरचं दुकान विकलं गेलं, कळलं ना?" त्यानं विचारलं.

"हो, कुणीतरी घेतलं म्हणे."

"कुणीतरी नाही. मशीद होणार आहे तिथे." त्यानं खिशातून घडी घातलेली नोटीस काढून टेबलावर सरकवली. "नियोजन समितीपुढे अर्ज आलाय. बघ, नाव तरी वाचता येतंय का तुला. फिक्रेत मुय... पुढचं तर माझ्या बापालाही जमलं नसतं."

डोरीननं चष्मा लावला. नाव तिलाही नीट लागेना, पण खालचा पत्ता तिच्या ओळखीचा निघाला.

"अरे, हा तर आपला फ्रेड."

"कोण फ्रेड?"

"शाळेच्या बस दुरुस्त करतो तो. तुझ्या गाडीचा गिअरबॉक्स कुणी बसवून दिला मग?"

गेरिटनं नोटीस परत स्वतःकडे ओढून पाहिली. "फ्रेड मुसलमान आहे?"

"बोस्नियाचा आहे हे तर माहीत होतं तुला."

"बोस्नियाचा असणं वेगळं." तो कॉफी ढवळत राहिला. कॉफीत साखर नव्हतीच. "हे बघ, फ्रेडशी माझं काही वाकडं नाही. चांगला माणूस आहे. आपण कुणाच्याच विरोधात नाही. प्रश्न पाण्याचा आहे. दुकानाशेजारच्या हॅरिएटच्या तळघरात दर वसंतात गुडघाभर पाणी येतं. उद्या शेजारी चाळीस गाड्यांसाठी डांबर घातलं की ते पाणी जाणार कुठे? तिच्याच घरात. तू समितीपुढे उभी राहा आणि एवढंच सांग, की त्या जागेतून पाण्याचा निचरा होत नाही. तू बोललीस की विषय संपला."

डोरीनला आठवलं, मागच्याच वर्षी त्याच रस्त्यावर स्वस्त वस्तूंचं मोठं दुकान आलं होतं. त्याचं आवार याच्या दुप्पट. तेव्हा पाण्याचा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. पण हे ती बोलून दाखवायला गेली नाही. खरं सांगायचं तर तिच्याही मनात थोडी चलबिचल होती. फ्रेड ठीक. पण मशीद म्हटलं की टीव्हीवर पाहिलेलं काहीबाही डोळ्यांपुढे यायचं, आणि तसं ते यावं याची तिला थोडी लाजही वाटायची.

"बघून सांगते," ती म्हणाली. "जागा बघितल्याशिवाय मी बोलत नाही."

मंगळवारी सकाळी ती जुन्या नकाशाची प्रत, रबरी बूट आणि पाच फुटी पोलादी सळई घेऊन तिथे पोचली. ही सळई जमिनीत दाबत न्यायची. खाली नळ असला की टोकाला टक् असा बसका आवाज येतो, दगडाचा वेगळा आणि भाजक्या मातीचा वेगळा. तो फरक ओळखणारी माणसं आता काउंटीत तीन-चारच उरली होती.

फ्रेड दुकानाच्या मागे गंजलेले नांगराचे फाळ गोळा करत होता. पन्नाशी ओलांडलेला, सडपातळ, हाताच्या रेषांत कायमचं तेल बसलेला. तिला पाहून त्यानं टोपी काढली.

"मिसेस हौट्समा, तुम्ही विरोधात बोलणार आहात असं ऐकलं."

"अजून बोलले नाही. आधी बघणार आहे."

"मग बघा. ती सळई द्या इकडे, मी दाबतो. तुम्ही नुसतं ऐका."

तो सळई दाबायचा, ती कान देऊन उभी राहायची आणि आवाज लागला की जमिनीत एक छोटं निशाण खोचायची. तासाभरात निशाणांची एक रांग तयार झाली. दुकानाच्या आवारातून निघून, हॅरिएटच्या परसाच्या कडेनं, सरळ ओढ्याच्या दिशेनं.

"तुझं खरं नाव कसं म्हणायचं रे?" तिनं मध्येच विचारलं.

"फिक्रेत. फ्रेड हे बसडेपोतल्या पहिल्या साहेबानं ठेवलं. त्याला लिहायला सोपं गेलं."

"आणि बावीस वर्षं कुणी विचारलंच नाही?"

"मीही कुठे सांगितलं? फिट्टंफाट." तो हसला. "रेफिया, माझी बायको, अजून चिडवते. दारात गाडी थांबली की म्हणते, जा, तुझ्या फ्रेडला कुणीतरी बोलावतंय."

डोरीननं ते नाव दोनदा पुटपुटून पाहिलं. दुसऱ्यांदा त्यानं मान हलवली, जमलं म्हणून.

निशाणांची रांग हॅरिएटच्या परसापलीकडच्या कुंपणाशी येऊन थांबली. कुंपणाला लागूनच आत गेरिटची यंत्रांची मोठी शेड होती. कुंपणाच्या अलीकडे नळाचा आवाज येत होता, पण नळात पाणी वाहत असल्याचं काही लक्षण नव्हतं. जमीन तिथे स्पंजासारखी दबत होती.

"खणून बघायला हवं," ती म्हणाली. "हॅरिएटला मी विचारते. पण आधी फोन करून विजेच्या आणि गॅसच्या लाइनींवर खुणा करून घे."

शुक्रवारी ती परत आली, तेव्हा फिक्रेतनं नमाजाआधीच चार फूट खड्डा खणून ठेवला होता. हॅरिएट आपल्या मागच्या पायरीवर उभी राहून बघत होती, हाताची घडी घालून. खड्ड्यात मातीचा नळ उघडा पडला होता, गाळानं गच्च भरलेला. फिक्रेतनं फावड्यानं त्याच्या पुढची माती काढली. पुढे नळ नव्हताच. त्याचं फुटकं तोंड काँक्रीटच्या भिंतीला टेकलं होतं. शेडचा पाया होता तो.

डोरीन तिथेच खड्ड्याच्या काठावर बसली. तिला त्या शेडचा कागद आठवला. शेड बांधायची तर खालचा मुख्य नळ वळवून घ्यायचा असा नियम होता, आणि वळवला की नाही हे काउंटीच्या माणसानं जाऊन बघायचं. पंचवीस वर्षांपूर्वी, मक्याच्या काढणीच्या दिवसांत, गेरिटनं तो कागद रविवारच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. 'वळवलाय नळ, सही कर.' मार्विन बटाटे वाढत होता. तिनं 'जागेची पाहणी केली' या ओळीखाली सही केली होती आणि कागद बाजूला सारून जेवायला सुरुवात केली होती. त्यानंतर एकदाही तिला त्याची आठवण झाली नव्हती.

"काय झालं?" फिक्रेतनं विचारलं.

तिनं सांगितलं. काहीच राखून ठेवलं नाही.

त्यानं फावडं मातीत रोवलं. मग म्हणाला, "हे समितीपुढे सांगू नका."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "अरे, यानं तुझी बाजू भक्कम होते. पाणी तुझ्या जागेमुळे तुंबत नाही, गेरिटच्या शेडमुळे तुंबतं."

"कळलं मला. पण आम्ही आमच्या हद्दीतून नवा पाइप टाकू. तिकडून फिरवून ओढ्यात सोडू. काम जास्त, पण होईल." त्यानं आवाज खाली आणला, हॅरिएटला ऐकू जाऊ नये म्हणून. "मिसेस हौट्समा, आमच्या गावात शेजाऱ्यांना एकमेकांचं सगळं ठाऊक होतं. कुणी कुणाचं काय कापलं, कुणी कुठे खोटी सही केली. मग युद्धाच्या दिवसांत एक वेळ अशी आली, की लोकांनी ते सगळं बाहेर काढलं, एकेक करून, मोजून. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. तो खेळ मी इथे सुरू करणार नाही. मशिदीसाठी तर नाहीच."

डोरीन उठून गाडीकडे निघाली. गाडीत बसल्यावर तिला जाणवलं, की इतकी वर्षं ज्याला आपण नुसतं हात हलवून पुढे जायचो, त्या माणसाच्या मनाचा मोठेपणा आपल्या ध्यानीमनीही नव्हता. आणि त्यामुळे आपलं काम सोपं झालेलं नाही, उलट अवघड झालंय, हेही तिला कळलं. त्यानं तिला सोडवलं होतं. पण सही त्याची नव्हती.

जूनमध्ये, सुनावणीच्या आदल्या दिवशी ती गेरिटकडे गेली. तो शेडमध्येच होता. तिनं उभ्या उभ्या सांगून टाकलं.

"तू माझ्या भावाची बायको आहेस," तो म्हणाला. त्याची मान लाल झाली होती.

"म्हणून तर सही केली तेव्हा."

"लोक काय म्हणतील? गेरिटनं स्वतःच पाणी तुंबवलं आणि बोट मुसलमानांकडे दाखवलं?"

"तू बोट दाखवू नकोस, मग म्हणणार नाहीत."

"तो फ्रेड शिकवतोय तुला हे?"

"तो बोलू नका म्हणतोय," ती म्हणाली. "तुझं नाव निघू नये म्हणून लांबून पाइप टाकायला तयार आहे. आणि गेरिट, त्याचं नाव फिक्रेत आहे."

गेरिटनं पाठ फिरवली आणि पान्हे जागच्या जागी लावत बसला. ती निघाली तरी त्यानं वळून पाहिलं नाही.

सुनावणी पाच वाजता होती. नगरपालिकेच्या छोट्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. एका बाजूला बोस्नियाची कुटुंबं बसली होती, इस्त्रीचे शर्ट घालून, लग्नाला आल्यासारखी. शाळेची ग्रंथपाल, सायकलवाला, मांसाच्या कारखान्यातली पाच-सहा माणसं. डोरीन त्यांतल्या निम्म्यांना ओळखत होती. ती सगळी या मशिदीसाठी एकत्र आहेत, हे मात्र तिला आज दिसत होतं.

बहुतेक जण पाण्याबद्दल आणि गाड्यांबद्दलच बोलले. एक जण मात्र सरळ म्हणाला, "फिरवून कशाला बोलायचं? मला ते लोक इथे नको आहेत." सभागृहात चुळबूळ झाली. अध्यक्षांनी त्याला वेळ संपल्याचं सांगितलं. एका बाईनं उठून फिक्रेतला विचारलं, "तुमच्या देशात आम्हाला चर्च बांधू देतील का?"

फिक्रेत माइकपाशी आला. "माझा देश हाच आहे, बाई. इथे चर्च बांधू देतात. एकट्या स्टीनविकमध्ये नऊ आहेत, मी मोजलीत."

मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं, मग आणखी दोघे-चौघे. ती बाईही किंचित हसली आणि खाली बसली.

"आत काय शिकवणार?" समितीतल्या एकानं विचारलं.

"शुक्रवारी नमाज. शनिवारी मुलांना आमची भाषा. ती विसरत चाललीत. माझी मुलगी आजीशी बोलते तेव्हा मला मध्ये दुभाष्या म्हणून बसावं लागतं."

मग अध्यक्षांनी डोरीनचं नाव पुकारलं. गेरिट तिसऱ्या रांगेत बसला होता. विरोधात बोललेल्या बऱ्याच जणांचे चेहरे उजळले, आता काम झालं म्हणून. डोरीननं नकाशा फळ्यावर लावला आणि बोटानं रेघ दाखवत नेली, दुकानापासून हॅरिएटच्या परसापर्यंत.

"हा नळ इथे तुटलाय," ती म्हणाली. "पंचवीस वर्षांपूर्वी वर बांधकाम झालं तेव्हा तो वळवायला हवा होता. वळवला नाही. काउंटीच्या वतीनं पाहणी करायची जबाबदारी माझी होती. मी जागेवर गेले नाही. घरी बसून सही केली. हॅरिएट, तुझ्या तळघरात इतकी वर्षं पाणी येतंय, त्यात माझा हात आहे. मला माफ कर. अर्जदारांच्या जागेचा यात काही दोष नाही. ती जागा चांगली आहे. नळ जोडला की पाणी जाईल."

बांधकाम कुणाचं, हे तिनं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. नकाशा सगळ्यांना वाचता येत होता. पण स्वतःखेरीज कुणाचं नाव घ्यायचं नाही, हे तिनं ठरवून ठेवलं होतं. फिक्रेतचं तेवढं तिनं ऐकलं.

मग हॅरिएट आपल्या जागेवरूनच म्हणाली, "म्हणजे मी त्या ट्रॅक्टरवाल्याला उगीच शिव्या घातल्या. मरेपर्यंत घातल्या बिचाऱ्याला."

तीन विरुद्ध दोन मतांनी परवानगी मिळाली. अट एकच होती, डांबर घालण्याआधी नळ नीट करून घ्यायचा. बाहेर आल्यावर रेफिया डोरीनपाशी आली. ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई, शाळेच्या भटारखान्यात काम करणारी. तिनं डोरीनचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "फिक्रेत रागावलाय तुमच्यावर."

"मला माहीत आहे."

"दोन दिवसांनी उतरेल. मी नाही रागावले."

त्या उन्हाळ्यात गेरिट तिच्याशी एक शब्द बोलला नाही. चर्चमध्ये हौट्समांचा बाक ठरलेला होता, चाळीस वर्षांपासूनचा. डोरीन दर रविवारी तिथेच बसायची आणि तिच्यात नि गेरिटमध्ये दोन माणसांची जागा रिकामी राहायची. चर्चच्या कॉफीच्या वेळी काही बायका तिच्या बाजूनं लगबगीनं निघून जायच्या. काही मात्र मुद्दाम येऊन उभ्या राहायच्या, हवापाण्याच्या गप्पा मारत. कोण कुठल्या बाजूला जाईल, याचे तिचे अंदाज निम्मे चुकले. त्याचंच तिला नवल वाटायचं.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी पाइप टाकायचं काम निघालं. हॅरिएटच्या परसातून, शेडला वळसा घालून, गेरिटच्या हद्दीच्या कडेनं. त्यासाठी गेरिटची परवानगी लागणार होती. फिक्रेत एकटा त्याच्या दारात जाऊन ती घेऊन आला होता; दोघांत काय बोलणं झालं ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही. सकाळपासून दहा-बारा माणसं चर खणत होती. दहाच्या सुमारास गेरिट घरातून बाहेर आला आणि चराच्या काठावर उभा राहिला. खणणारे खणत राहिले. त्यानं पाच मिनिटं पाहिलं.

"उतार उलटा धरलाय तुम्ही," तो अखेर म्हणाला.

"सरळ आहे," चरातला सायकलवाला म्हणाला.

"मी तीस वर्षं माझ्या शेतात हेच केलंय. तिथे पाणी मागे येणार."

फिक्रेतनं वाद घातला नाही. पाणसळ त्याच्या हातात दिली. गेरिटनं चरात उतरून मोजलं. अर्ध्या इंचानं का होईना, उतार उलटा निघाला. "बघा," एवढंच तो म्हणाला, आणि मग वर आलाच नाही. दुपारपर्यंत तो सगळ्यांवर खेकसत होता. याला फावडं नीट धरायला सांग, त्याला खडी हळू टाकायला सांग. ती माणसंही त्याला पुरून उरली. आपसात बोस्नियन भाषेत काहीतरी बोलून हसायची, आणि "काय म्हणाला तो?" असं गेरिट फिक्रेतला विचारायचा.

"म्हणाला, असा मुकादम कारखान्यात असता तर आम्ही कधीच पळून गेलो असतो."

"आळशी आहे तो," गेरिट म्हणाला.

जेवायला रेफियानं भल्यामोठ्या परातीत 'पिता' नावाचा त्यांच्याकडचा भाजलेला पदार्थ आणला होता, पातळ पोळीत बटाटा आणि कांदा भरून गोल गुंडाळलेला. गेरिटनं उभ्यानंच एक तुकडा खाल्ला. "यात काय आहे?"

"बटाटा. कांदा. मिरपूड."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यानं दुसरा घेतला, मग तिसरा. हात पुसत तो डोरीनजवळ आला. जूननंतर पहिल्यांदाच. तिच्याकडे न बघता चराकडे बघत म्हणाला, "आदल्या दिवशी येऊन सांगितलंस, ते बरं केलंस. तिथे जाऊन कळलं असतं तर माफ केलं नसतं मी."

"आता केलंस?"

"ते नाही म्हणालो मी," असं म्हणून तो परत चरात उतरला.

मार्चमध्ये मशीद उघडली. जुन्या दुकानाच्या मोठ्या काचा तशाच ठेवल्या होत्या; जिथे ट्रॅक्टर उभे असायचे तिथे हिरवा गालिचा आला. सगळ्या गावाला बोलावणं होतं. गाव काही लोटलं नाही, पण सत्तर-ऐंशी माणसं आली. हॅरिएट बदामाची पेस्ट्री घेऊन आली आणि दारात बूट काढायला सांगितल्यावर मोज्याला भोक आहे म्हणून पंधरा मिनिटं बाहेरच उभी राहिली, ती रेफियानं हात धरून आत नेईपर्यंत. गेरिट आला नाही. तो कधीच आला नाही. पण त्याची गाडी बिघडली की फिक्रेतकडेच जायची, आणि 'फिक्रेत' हे नाव तो आता बऱ्यापैकी म्हणायचा, मधला 'र' गिळून.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं. हॅरिएटनं डोरीनला फोन केला. तळघर कोरडं होतं. "आता आवरायला काही सबबच उरली नाही," ती कुरकुरली.

त्याच महिन्यात रेफियाची सासू गेली, ब्याऐंशी वर्षांची होऊन. आतापर्यंत त्यांची माणसं दीडशे मैलांवर नेऊन पुरत असत. गावच्या दफनभूमीचा टेकडीवरचा रिकामा भाग द्यायला नगरपालिका तयार झाली होती. त्यांच्या रिवाजात शवपेटी नसते, माणूस सरळ मातीत ठेवतात. म्हणून जागा कोरडी हवी. फिक्रेत पाहुण्यांत अडकलेला, तेव्हा रेफिया एकटीच डोरीनला घेऊन टेकडीवर गेली. वर वारा होता. डोरीन इकडून तिकडे चालली, टाचेनं जमीन दाबून पाहिली, दोन ठिकाणी वाकून माती चुरली.

"इथे नको," ती म्हणाली. "इथे ओल चढते. जरा वर चल. हं, इथे. इथे कितीही पाऊस पडू दे."

रेफियानं त्या जागेवर उभं राहून चहूकडे पाहिलं. खाली गाव, ओढा, नांगरलेली काळी शेतं. "तुमचे मार्विन कुठे आहेत?"

"त्या कुंपणापलीकडे. तिसरा दगड."

"म्हणजे शेजारीच की."

"शेजारीच," डोरीन म्हणाली. "जरा बोलका होता तो. तुझ्या सासूला चालेल ना?"

"तिला ऐकू कमी यायचं," रेफिया म्हणाली आणि डोळे पुसत पुसत हसली. मग दोघी कुंपणापर्यंत चालत गेल्या, अंतर किती आहे ते पाहायला.